कावीळ नव्हती, अप्पा

अप्पा, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची ये-जा थांबलेली नाही. जो येतो तो तुमच्या शाळेची एखादी गोष्ट सांगतो. कुणाला तुम्ही ओरडून ओरडून पाढे पाठ करायला लावलेत, कुणाच्या पोरीचं लग्न दहावीआधी थांबवलंत, कुणाला स्वतःच्या गाडीवर बसवून परीक्षेला नेलंत. आई ऐकते, मान हलवते, चहा ठेवते. मीही मान हलवतो. सगळं खरंच असतं. पण ज्या अप्पांना मी सगळ्यात जवळून पाहिलं, ते या गोष्टींत कुठेच नसतात. ते एका हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, मुलींनी भरलेल्या वॉर्डात, जेवणाच्या लांब टेबलाशी खाली मान घालून बसलेले असतात. त्या अप्पांबद्दल कुणी बोलत नाही, कारण आपण दोघांनी मिळून त्यांना लपवून ठेवलं.

तुम्हाला लाज वाटायची. मलाही. त्या दिवसांबद्दल आपलं धड बोलणं कधी झालं नाही, आणि जे झालं ते भांडण झालं. म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसलोय.

माझी नववी संपली होती. चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळता खेळता, म्हसळ्याच्या भर बाजारपेठेत, सगळ्यांच्या देखत मी कोसळलो. शाळेत मला बटाटा म्हणायचे. ते बंद व्हावं म्हणून मी जेवण कमी करायला लागलो, आणि पुढे ते कशासाठी चाललंय हे माझं मलाही कळेनासं झालं. आई म्हणायची, उंची धरतोय. तुम्ही म्हणायचात, अभ्यासाचा ताण असेल. त्या दिवशी गर्दीतून पुढे येऊन तुम्ही मला दोन्ही हातांवर उचललंत, आणि तुमचा चेहराच बदलला. मी डोळे अर्धवट उघडून तो पाहिला होता. एवढ्या मोठ्या मुलाचं जे ओझं हाताला लागायला हवं, ते लागलं नव्हतं.

माणगावच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, त्यांनी आणखी पुढे. शेवटी आपण उरणच्या अलीकडे, मिठागरांच्या कडेला असलेल्या त्या हॉस्पिटलात आलो. वरच्या मजल्यावर खाण्याचे आजार असलेल्या वयात येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वॉर्ड होता. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं, की हा हट्ट नाही, नखरे नाहीत, मनाला आणि शरीराला धरून झालेला आजार आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि हळूच म्हणालात, "पण मॅडम, हा मुलगा आहे."

"मुलांनाही होतो, सर. फक्त मुलं आमच्याकडे उशिरा येतात. घरचे हेच म्हणत बसतात म्हणून."

तुमचे कान लाल झाले होते.

घरचं एक माणूस सोबत राहायला हवं होतं. आईची अंगणवाडी होती; तुम्हाला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. तुम्ही राहिलात. वाडीत सांगितलंत की पोराला कावीळ झालीय, पनवेलला मामाकडे ठेवलंय, तिथे औषध चांगलं मिळतं. भरती व्हायला आलो त्या दिवशी उरणच्या नाक्यावरून आपण सहा आसनी रिक्षात बसलो होतो. मांडीवर पिशव्या. हॉस्पिटलचं नाव ऐकून ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "कोन आजारी हाय?"

तुम्ही म्हणालात, "मीच."

मी बाहेर मिठाचे ढीग बघत राहिलो. तुम्ही मला वाचवलंत की स्वतःला, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नीटसं कळत नाही.

वॉर्डात मी एकटाच मुलगा. मुलींच्या खोल्यांपलीकडे, टोकाला, पूर्वी चादरी ठेवायच्या त्या खोलीत मला खाट दिली होती. तुमच्यासाठी खाली सतरंजी. सकाळी उठल्यावर वजनकाट्याकडे पाठ करून उभं राहायचं, आकडा फक्त सिस्टरनं बघायचा. आरसा कुठेही नव्हता. मग नाश्ता, मधलं खाणं, जेवण, पुन्हा मधलं खाणं. दिवसभर ताटच समोर येत राहायचं. टेबलावर जेवणाबद्दल, अंगाबद्दल, कोण किती खातं याबद्दल बोलायला बंदी. खाऊन झाल्यावर सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र बसायचं, कुणी उठून जायचं नाही. त्या बसण्यात कॅरम चालायचा, गावांच्या नावांच्या भेंड्या चालायच्या, आणि कुणीतरी एक मुलगी अर्ध्या पोळीसाठी हमसून हमसून रडत असायची. बाथरूमला गेलं तर सिस्टर दाराबाहेर उभी राहून गप्पा मारायची. कुणी खाल्लेलं ओकून टाकू नये म्हणून या गप्पा, हे सगळ्यांना माहीत असायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मिसरूड फुटायचं वय, आणि दाराबाहेर बाई विचारतेय, "काय रं बाला, तुमच्या म्हसळ्याला पाऊस लवकर येतो काय?"

ती आगरी सिस्टर भली होती. टेबलाच्या टोकाला बसून स्वतःही जेवायची आणि प्रत्येकाकडे न बघितल्यासारखं करून बघायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती तुम्हाला म्हणाली, "गुरुजी, पोराबरोबर जेवा. पोराच्या पुढं नको."

तुमचं ताट केव्हाच रिकामं झालेलं असायचं. आम्ही सगळे पहिल्या घासाशी झगडत असायचो, आणि तुम्ही भात कालवून, ओरपून, बोटं चाटून मोकळे. तुम्हाला ते कळायचंही नाही. त्या दिवशी सिस्टर बोलली आणि टेबलावरच्या सगळ्या मुलींनी तुमच्या ताटाकडे पाहिलं. शाळेत ज्यांच्यापुढे वर्ग चिडीचूप बसतो ते माझे अप्पा एखाद्या पोरासारखे ओशाळले. मला तुमची लाज वाटली, अप्पा. आणि लाज वाटली म्हणून मी त्या जेवणाला काहीच खाल्लं नाही.

संध्याकाळी तुमचा तोल गेला. खोलीचं दार लावून तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात.

"माझ्या आजोबांनी दारोदार भाकर मागून खाल्ली. माझ्या बापानं ते मागणं सोडलं, उपाशी राहिला पण परत कुणाच्या दारात गेला नाही. त्याचा नातू तू. तुझ्यासमोर कुणी आदरानं ताट ठेवतंय आणि तू ते ढकलतोस? कुणाला सांगू मी हे? काय म्हणून सांगू?"

"नका सांगू," मी म्हणालो. "तुम्ही सांगतच नाही आहात."

तुमचा हात वर गेला होता. तो तसाच खाली आला. मग तुम्ही भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर बसलात.

तुमचं ते बोलणं मला लागलं, पण ते खोटं होतं म्हणून नव्हे. तोच विचार माझ्या डोक्यात दिवसरात्र होता. आपल्या माणसांच्या पोटात जे नव्हतं ते माझ्यासमोर होतं, आणि माझा हात पुढे होत नव्हता. तुम्हाला वाटत होतं की मला त्याचं काही वाटत नाही. मला इतकं वाटत होतं, की त्या वाटण्यानंच घास गळ्यात अडकायचा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

पुढच्या आठवड्यात समुपदेशनाच्या खोलीत मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही इतकं भरभर का जेवता?" तुम्ही हसून टाळलंत. त्यांनी पुन्हा विचारलं. मग तुम्ही सांगितलंत. वसतिगृहात पहिल्या पंगतीला जो हळू जेवेल त्याला दुसऱ्यांदा वाढायला काही उरायचं नाही. तुम्ही सगळ्यात लहान होता. "सवय पडली," म्हणालात. "पगार सुरू झाला, घर बांधलं, पण हाताला अजून पटत नाही की उद्या आहे."

माझ्यासमोर तुम्ही हे पहिल्यांदा बोललात. मी मान वर केली नाही. मला भीती वाटली, तुमचे डोळे भरले असतील तर ते मला दिसतील.

त्यानंतर जेवायला बसलात की प्रत्येक घासानंतर तुम्ही डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट धरून ठेवायचात. घास चावून होईपर्यंत. हात सुटायला बघायचा, तुम्ही धरून ठेवायचात. मला तिकडे बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.  त्या टेबलावर मी एकटाच ताटाशी भांडत नाहीये, हे मला त्या मनगटावरून कळलं. त्या दिवसांत मी जे काही खाल्लं असेन, त्यातलं बरंचसं त्या मनगटासाठी खाल्लं.

आणि मग अल्फियाची अम्मी आली. आठवतं? मुलीला घेऊन लिफ्टमधून बाहेर पडली, तुमच्याकडे बघतच राहिली.

"अल्ला! गुरुजी तुम्ही? आम्ही बोर्लीचे. माझा भाचा तुमच्या शाळेत होता."

तुमच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. बोर्लीच्या बाजारात आज कळलेली गोष्ट उद्या म्हसळ्यात असते. तुम्ही काहीतरी पुटपुटलात. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुलीकडे, मग आवाज खाली आणून विचारलं, "गावात काय सांगून आलात?"

"कावीळ."

"कावीळ!" तिनं कपाळाला हात लावला. "मला कशी सुचली नाही? मी सांगितलं, खालाकडं मुंबईला शिवण शिकायला गेली. आता परत गेल्यावर सगळे कपडे शिवायला घेऊन येतील."

तुम्ही हसलात. त्या सगळ्या सुट्टीत तुम्हाला पोटापासून हसताना मी तेवढंच पाहिलं. अल्फियाही हसली, मीही. त्या दुपारपासून तुम्ही हॉलच्या फळ्यावर मुलींना बीजगणित शिकवायला लागलात. हातात खडू आला की तुमची मान ताठ व्हायची. माझ्या आजारावर तुम्हाला काही करता येत नव्हतं, समीकरणावर येत होतं.

सगळं काही असं सुधारतच गेलं नाही. मे महिन्याच्या शेवटाला मी पुन्हा बंद पडलो. काही केल्या तोंड उघडेना. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायची ठरवली. नर्स माझे हात धरून होती आणि मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही दारात उभे होता. तुम्ही वळलात आणि जिना उतरून गेलात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आला नाहीत. आलात तेव्हा चपलांना वाळका चिखल होता, हातात केळी होती, आणि आपण दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

कुठे होतात, अप्पा? मी कधी विचारलं नाही. परवा आईला विचारलं. ती म्हणाली, घरी तर आले नव्हते. आता विचारायला कुणी उरलं नाही. त्या वेळी मला वाटलं होतं, तुम्हाला माझी लाज वाटली म्हणून गेलात. आता मी तुमच्या बाजूनं जरा विचार करू शकतो. मुलगा हाक मारतोय आणि आपण जिना उतरतोय, अशा माणसाला स्वतःची जी लाज वाटत असेल ती कुठे नेऊन ठेवायची, हे त्यालाही कळत नसेल. पण परत आलात. तेवढं मला पुरायला हवं होतं. तेव्हा पुरलं नाही.

शाळा सुरू होताना आपण घरी आलो. मी बरा झालो नव्हतो, बरं होण्याच्या वाटेला लागलो होतो. पुढे किती वर्षं ती वाट चालली ते आपल्या तिघांनाच माहीत. वाडीतली माणसं भेटायला आली, म्हणाली, काविळीनं पार वाळला पोरगा, ऊस द्या याला. तुम्ही ऊस आणलात.

आता त्या भांडणाकडे येतो.

गेल्या वर्षी माझं लग्न जमत होतं. मुलगी पाहून झाली होती, दोन्हीकडून होकार होता. मी बंदरातल्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात होतो, आणि आईचा फोन आला, की तुझ्या अप्पांनी त्यांच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी जाऊन तुझ्या आजाराचं सगळं सांगितलं. मी बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला. मागे ट्रेलर हॉर्न वाजवत होते, मला ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडायचंच होतं.

"इतकी वर्षं तुम्हीच कावीळ म्हणालात. आता माझं ठरतंय तेव्हाच तुम्हाला खरं बोलायचं सुचलं?"

"त्या पोरीची हाडं दिसायला लागली रे. घरचे देवऋष्याकडे नेत होते."

"मग डॉक्टरकडे जा म्हणायचं. माझं नाव कशाला?"

"नुसतं सांगून ते ऐकत नव्हते."

"मला विचारायचं तरी."

"विचारायला हवं होतं. चुकलं माझं. पण तू नाही म्हणाला असतास."

"हो! नाहीच म्हणालो असतो!"

"म्हणून नाही विचारलं."

मी फोन ठेवला. महिन्याभरात त्या स्थळाकडून निरोप आला, की मुलीचा विचार बदललाय. कारण कुणी सांगितलं नाही. मी ते तुमच्या नावावर टाकलं. त्यानंतर घरी आलो की आईशी बोलायचो, तुमच्याशी कामापुरतं. तुम्ही गॅलरीत पेपर वाचत बसायचात. एकदा म्हणालात, "ती पोर आता शाळेत येते." मी आत निघून गेलो. मग एका सकाळी तुम्ही बाजारात जायला निघालात आणि एसटी स्टँडच्या बाकावर बसल्या जागी गेलात. मी पोचेपर्यंत तुम्हाला घरी आणून झोपवलं होतं.

अजूनही मला वाटतं, तुम्ही मला विचारायला हवं होतं. तो माझा आजार होता, सांगायचा की नाही हे मी ठरवायचं होतं. ते मी सोडत नाही. तुम्ही असता तर आजही भांडलो असतो. पण ज्या गोष्टीला तुम्ही आयुष्यभर लाजलात ती तुम्ही एका परक्या ओट्यावर बसून बोललात, आणि मी मात्र तेव्हा आणखीच लाजायला लागलो, जणू तुम्ही तुमची लाजही माझ्याकडे सोपवून मोकळे झालात. तुमच्यापेक्षा मी शिकलेला, बोलायला धीट. पण त्या लाजेच्या बाबतीत तुम्ही माझ्या पुढे निघून गेलात, आणि मी तुम्हाला त्याची शिक्षा दिली.

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरला होता. वंदना झाली, लोक बोलले, पंगती बसल्या. मी वाढत होतो. एका रांगेच्या शेवटाला एक कोळी माणूस बसला होता, शेजारी त्याची मुलगी, आठवी-नववीतली. त्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"तुमी गुरुजींचं पोरगं ना? ही माझी श्रुतिका. गुरुजी आमच्या वट्यावर बसलं व्हतं, तवा म्हनाले, माझ्या पोराला ह्योच आजार व्हता, आन मी गावाला लबाडी सांगितली. पोराला वाटलं, बापाला आपली लाज वाटते. तसं तुमी करू नका." त्यानं मुलीकडे पाहिलं. "रडलं व्हतं गुरुजी."

 मुलगी ताटात बघत होती. तिच्या ताटात भात होता, वरण होतं, आणि ती हळूहळू जेवत होती.

तेवढ्यात वाडीतले मोठे काका पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांनी त्या माणसाला विचारलं, "तुम्ही कुठचे? गुरुजींची ओळख कशी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "अशीच. शाळेतली."

तो माझ्यासाठी खोटं बोलला, अप्पा. भर पंगतीत, स्वतःच्या मुलीसमोर. आणि मुलीचा हात थांबला. मी तिचा हात पाहिला.

"काका," मी म्हणालो, "यांच्या मुलीला जेवण जात नव्हतं. आजार होता. मलाही तोच झाला होता, नववीत. हॉस्पिटलात होतो मी सगळी सुट्टी."

आजूबाजूच्या दोन-चार माना वळल्या. काका तांब्या हातात धरून उभे राहिले.  मग त्यांनी अगदी हळू, मला सांभाळून घेतल्यासारखं विचारलं, "गुरुजींना माहीत होतं हे?"

"हो काका. तिथं माझ्याबरोबर तेच होते."